सभेपर्यंत जगवायचा माणूस

…आणि पुन्हा सगळे उभे राहिले हो! म्हणजे बघा, मी आत जाऊन मागच्या बाकावर टेकतोय न टेकतोय, धाप अजून खाली बसलेली नाही, तोच खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज, सगळे सभासद उभे, माना खाली, हात पोटावर, आणि मी एकटा बसून इकडेतिकडे बघतोय की, अरे, आता कोण गेलं? मग उठलो मीही. उठायलाच पाहिजे. गेलेल्या माणसाचा मान राखायलाच हवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुम्हाला सांगतो, दर महिन्याला? दर महिन्याला एक?

ही गेल्या वर्षीची गोष्ट. मी तसा बोलणारा माणूस नव्हे, शाळा फार शिकलो नाही, चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की जीभ जड होते. पण ही गोष्ट निघाली की मला थांबवत नाही, तुम्हीच थांबवा.

तर आमच्या नगरपालिकेत एक रिवाज आहे. जुना आहे, कोणी घातला कोणाला ठाऊक नाही, आणि मोडायची कोणाची छाती नाही. सभा महिन्यातून एकदा. मागच्या सभेपासून या सभेपर्यंत कोणी सभासद वारला, नाहीतर माजी सभासद वारला… आणि माजी म्हणजे किती माजी याला काही धरबंदच नाही, जन्मात एकदा त्या खुर्चीला पाठ टेकवली की झाला माजी… तर दुखवट्याचा ठराव करायचा, दोन मिनिटं उभं राहायचं, आणि सभा तहकूब! सगळे विषय पुढच्या महिन्यात. चहा मात्र तहकूब होत नाही. चहा येतो.

आता शहर आमचं एवढंसं, पण सभासद व्हायची हौस केवढी! निम्मं शहर माजी आहे हो! आणि सगळे एका वयाचे. एकाच सुमाराला निवडून आले, एकाच सुमाराला पडले, आणि आता एकाच सुमाराला… असो.

त्यांच्या त्या खुर्च्या मी शिवल्यात. खुर्च्यांना गाद्या चढवायच्या, कोचांना कापड लावायचं, हाच माझा धंदा. हात थरथरायला लागले तोवर केला. सभागृहाचं काम आलं तेव्हा मी मुद्दाम दाट स्पंज घातला, वर जाड कापड, कडेला दुहेरी शिवण. म्हटलं, ही मंडळी तासन्‌तास बसणार, शहराचा विचार करणार, कंबर दुखली तर विचार कसा करतील? कुठलं काय! अजून नवीच्या नवी आहे ती शिवण. बसतंय कोण? आले, उभे राहिले, चहा प्याले, गेले!

आणि माझा विषय केवढा? एका खांबाचा! आमची गल्ली अरुंद. पूर्वी ट्रकवाले जवळचा रस्ता म्हणून आत घुसायचे, एकाने तर एका घराची पायरीच सोबत नेली. मग गल्लीने ओरड केली आणि पालिकेने गल्लीच्या तोंडाशी, बरोबर मधोमध, लोखंडी खांब पुरला. पाय सिमेंटात. आम्ही टाळ्या वाजवल्या! तेव्हा एका सभेत काम झालं होतं. त्या महिन्यात सगळ्यांच्या तब्येती ठीक असणार.

पुढे आमची ही आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, छातीत पाणी साठतं, श्वास कोंडला की वेळ घालवायचा नाही, अँब्युलन्स बोलवायची, तिच्यात ऑक्सिजन असतो, "गाडी दारात आली की निम्मी काळजी मिटली काका!" दारात! डॉक्टरांना काय ठाऊक, आमच्या दारात सायकल येते आणि मांजर येतं.

पहिल्यांदा श्वास कोंडला तेव्हा गाडी खांबापाशी येऊन थांबली. वरचा दिवा गरागरा फिरतोय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, जसा काही खांब बाजूला सरकणार आहे! त्यांच्या स्ट्रेचरची चाकं आमच्या उखडलेल्या फरश्यांवर चालेनात. मग शेजारच्यांनी आणि मी मिळून हिला हाताच्या खुर्चीत बसवलं आणि उचलून नेलं गल्लीभर. गल्ली लांब आहे हो आमची. खुर्ची डुगडुगतेय, माझे हात हे असे, आणि ही, तोंडात श्वास मावत नाही, तरी मला म्हणते कशी, "अहो… ही खुर्ची… तुम्हीच शिवलीत ना? मग खिळा कसा… टोचतोय?" अशी आमची ही! मरता मरता माणूस देवाचं नाव घेतो, ही खिळा काढते!

त्या वेळी वाचली. घरी आली. मी शेजारच्या वेल्डरकडे गेलो, म्हटलं, बाबा रे, तुझ्याकडे यंत्र आहे, कापून टाक तो खांब. तर तो खाली बघत म्हणाला, "काका, हा खांब मीच उभा केलाय. पालिकेची कामं मिळतात म्हणून माझी चूल पेटते. मीच उभा करायचा आणि मीच चोरून कापायचा? उद्या कोण उभं करेल मला? तुम्ही ठराव आणा, त्याच दिवशी कापतो, मजुरी नको." बरोबर आहे त्याचं. मग आमच्या वॉर्डाच्या सभासदाकडे गेलो. त्याचं चष्म्याचं दुकान. माझ्या डोळ्यांवर भिंगं चढवत चढवत तो म्हणाला, "काका, सभेने उभा केलेला खांब सभाच काढणार! तुम्ही अर्ज द्या, मी आहे ना! आता हे दिसतंय का? आणि आता?" म्हटलं, बाबा, मला खांब दिसतोय.

अर्ज दिला. विषय लागला. पहिल्या सभेला गेलो, एक माजी सभासद गेलेले. उभे, चहा, तहकूब. दुसऱ्या सभेला गेलो, दुसरे माजी. उभे, चहा, तहकूब. तिसऱ्या सभेला जे गेले होते ते तर लेकीकडे परगावी राहायला जाऊन जमाना झाला होता, अध्यक्षीणबाईंनी नाव वाचलं तर शेजारचे सभासद एकमेकांना विचारतात, "हे जिवंत होते?" तरी उभे! मी सचिवांना गाठलं. सचिव म्हणजे बारीक आवाजाचा माणूस, कायम घसा बसलेला. म्हटलं, साहेब, गेलेल्या माणसाचा मान राखायलाच हवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण आज मान राखा आणि उद्या सभा घ्या की! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मयताच्या खिशात हात घातलाय. "काका, दुखवटा आहे. दुखवट्यात खांब काढतात का?"

घरी आलो. ही खिडकीपाशी उशांना टेकून बसलेली, आडवं झालं की तिला श्वास पुरायचा नाही. माझं तोंड बघूनच ओळखलं. "कोण गेलं?" म्हटलं, लेकीकडे राहायचे ते. "अरे देवा… अहो, मग असं करा, पुढच्या महिन्यात कोणाचा नंबर आहे तेवढं आधीच बघून ठेवा. म्हणजे जायची तसदी नको." आणि हसली. हसली की खोकला यायचा, खोकला आला की मी पाठ चोळायचो.

ती बोलली थट्टेने हो. पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. कोणाचा नंबर आहे? सगळ्या शहराला ठाऊक होतं कोणाचा! हातोडीसाहेबांचा!

हातोडीसाहेब म्हणजे जुने अध्यक्ष. सभेत जरा कुजबुज झाली की टेबलावर लाकडी हातोडी अशी दाणकन आपटायचे की बाहेरच्या झाडावरची पाखरं उडायची. माणूस करडा, पण कामाचा. आमचा खांब त्यांच्याच काळातला. आणि आता म्हणे अंथरुणाला खिळलेत, अन्न सोडलंय, औषध थुंकतात, आज-उद्याचं काही सांगता येत नाही. म्हणजे पुढची सभा गेलीच की! मी रात्रंदिवस तोच हिशोब करायला लागलो. शेवटी एका सकाळी उठलो आणि सरळ त्यांच्या घरी गेलो.

सुनेनं दार उघडलं. दमलेली, केस विस्कटलेले, हातात औषधाची बाटली. मला आपादमस्तक बघून म्हणाली, "कामाला माणूस पाठवतो म्हणाले होते, ते तुम्ही? अहो, तुम्हालाच धरायला कोणी लागेल!" आता काय सांगायचं? बाई, तुमचे सासरे सभेच्या आत मरू नयेत म्हणून आलोय, असं सांगायचं? म्हटलं, कामाला नाही, पण काम आहे तर करतो. तिनं बाटली माझ्या हातात दिली आणि आत जाऊन बसली ती बसलीच. किती दिवसांनी बसली होती कोणास ठाऊक.

आत साहेब. पलंगावर नुसती हाडं आणि त्यावर भुवया. मी चमचा पुढे केला. "विषय काय?" म्हटलं, औषध. "विषयपत्रिकेवर नाही. फेटाळला!" आणि तोंड भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी गेलो, सूप घेऊन. "विरोध!" तिसऱ्या दिवशी त्यांनी चमचाच हिसकावून घेतला आणि पलंगाच्या दांडीवर ठाणठाण आपटला. "शांतता! हा माणूस कोण आहे? रोज का येतो? याचा हेतू काय?"

आता तुम्हाला सांगतो, मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण फार वेळ लागतो. तेवढा वेळ त्यांच्याकडे होता की नाही कोणास ठाऊक. मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, साहेब, मी खुर्च्या शिवणारा. बायकोला श्वास लागतो, गल्लीत खांब आहे, गाडी आत येत नाही. खांबाचा विषय सभेत आहे. तुम्ही सभेच्या आत गेलात तर सभा तहकूब. म्हणून आलोय. तुमचा मान राखायलाच हवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही… पण जरा सभेनंतर राखू या.

मी म्हटलं, आता चमचा माझ्या कपाळावर. तर भुवया हलल्या, मग खांदे हलले, आणि साहेब हसायला लागले हो! हसता हसता खोकला, मी सवयीने पाठ चोळायला लागलो. "म्हणजे अख्ख्या शहरात मी जगावं असं वाटणारा एकच माणूस… आणि तोही खांबासाठी!" म्हटलं, हो साहेब. "खांब माझ्याच काळातला ना?" हो साहेब. "चांगला घट्ट पुरलाय?" फारच घट्ट पुरलाय साहेब! मग जरा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाले, "सभेच्या दुसऱ्या दिवशी गेलो तर चालेल?" म्हटलं, चालेल. चालेल म्हटलं मी! बाजारात भाव ठरवावा तसं! "ठीक. सूप आणा. मंजूर."

झालं! तेव्हापासून माझा दिवस दोन घरांत वाटलेला. सकाळी हिचं औषध, हिला अंग पुसून खिडकीशी बसवायचं, मग तिकडे साहेबांचं सूप, साहेबांचं औषध, साहेबांची कूस बदलायची, मग परत इकडे. ही म्हणायची, "काय हो, सवत आणलीत म्हातारपणी, तीही भुवयांची! आज जेवली का तुमची लाडकी?" म्हटलं, जेवले, वाटी चाटूनपुसून. "आणि मला मात्र चमचा मागे ठेवला की डोळे वटारता." पण मी जायला उशीर केला की तीच ढकलायची, "जा हो, जा लवकर, तुमचा माणूस हातचा जाईल!" कधी साहेबांना ताप आला की मी घरी येऊन नुसता बसून राहायचो आणि ही मला धीर द्यायची. आजारी ती, धीर मला, आणि काळजी तिसऱ्याची! असला संसार बघितलाय कोणी?

बाकीचे माजीही मी नजरेत ठेवले. एक रस्त्यात भेटले, उघड्या डोक्याने उन्हात चाललेले, मी माझी छत्री देऊन टाकली. दुसरे एक शिडी चढून माळ्यावरचं काही काढत होते, मी खालून ओरडलो, "साहेब, उतरा! सभा तोंडावर आलीय!" ते म्हणाले, "कसली सभा? मी आता सभासद नाही." म्हटलं, म्हणूनच उतरा!

आणि आली सभा. कोणीही मेलं नव्हतं. अध्यक्षीणबाई आल्या, बसल्या. सगळे बसले! त्या खुर्च्यांवर बसून राहिलेली माणसं मी पहिल्यांदा बघितली, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काय छान दबला होता हो स्पंज! पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. म्हणजे मागच्या वेळी जे झालं ते खरंच झालं, असं सगळ्यांनी कबूल करायचं. मागच्या वेळी काय झालं होतं? उभे राहिले होते. ते कायम झालं. मग बागेतल्या बाकांचा रंग. एक म्हणे हिरवा, दुसरा म्हणे हिरवा झाडांत दिसत नाही, लोक शोधणार कसे? तिसरा म्हणे तपकिरी, चौथा म्हणे तपकिरी मळकट दिसतो, पाचवा म्हणे मळणारच आहे तर आधीच मळका लावा! जेवणाची वेळ टळून गेली. मग बागेचं फाटक किती वाजता उघडायचं. मग सभागृहातला पंखा कुरकुरतो त्याचं काय करायचं, त्यावर दोघांचं असं भांडण जुंपलं की पंख्याची कुरकुर ऐकू येईना, तेव्हा तो विषय मिटला.

आणि एकेक सभासद सटकायला लागला. "हात धुवून येतो." "फोन करून येतो." चष्मेवाल्यानं मला खूण केली, आता आणखी एक उठला तर माणसं कमी पडतात, सभा बरखास्त! तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ दाराकडे निघाले, मी उठून त्यांची बाहीच धरली. म्हटलं, साहेब, पाया पडतो, एवढा खांब निघू द्या. ते म्हणाले, "अहो, मला लघवीला जायचंय!" म्हटलं, माझ्या बायकोला श्वास घ्यायचाय! बघत राहिले माझ्याकडे. बसले परत. गुडघ्याला गुडघा लावून बसले बिचारे.

"विषय शेवटचा, गल्लीच्या तोंडाचा लोखंडी खांब काढणे. मंजूर?" "मंजूर." संपलं. शिंक यायला जास्त वेळ लागतो!

मी धावतच निघालो होतो, सचिवांनी त्या बसक्या आवाजात हाक मारली. "काका, अभिनंदन. आता पुढच्या सभेत हे इतिवृत्त कायम झालं की काम सुरू." म्हटलं, म्हणजे? मंजूर म्हणाले की! मी ऐकलं, तुम्ही ऐकलं! "ऐकलं, पण कायम व्हायचंय ना. पुढची सभा झाली की लगेच." आणि पुढची सभा झाली नाही तर? आधी कोणी गेलं तर? सचिवांनी घसा साफ केला. "मग त्याच्या पुढची."

मी तसाच साहेबांकडे गेलो. सून म्हणाली, आज सकाळपासून अगदी शांत पडून आहेत, सगळ्यांचा निरोप घेऊन झालाय. मी पलंगाशी बसलो. साहेबांनी एक डोळा उघडला. "मंजूर?" म्हटलं, मंजूर साहेब. "छान. मग आता मी…" म्हटलं, साहेब, कायम व्हायचंय. अजून एक सभा. माणसाने किती वेळा मरणाची तयारी करायची हो! त्यांनी डोळा मिटला, मोठा उसासा टाकला, आणि म्हणाले, "हा इतिवृत्ताचा नियमही माझ्याच काळातला. सूप आणा."

आणि साहेब जगले. मानलं त्यांना! ताप आला, गेला. उचकी लागली, थांबली. हात धरून बसलो की बोटं घट्ट दाबायचे, "आहे मी, आहे, घाबरू नका." रोज.

सभेच्या आदल्या दिवशी भर दुपारी हिचा श्वास कोंडला. मी घरीच होतो. गाडी लगेच आली, तुम्हाला सांगतो, त्या लोकांचा काही दोष नाही, हॉर्न ऐकू आला मला, गल्लीच्या तोंडाशी आली गाडी. खुर्ची तयारच होती. वेल्डर धावत आला, दुकान उघडं टाकून, त्यानं एक बाजू धरली, मी मागून धरली. ही या वेळी काही बोलली नाही. मी म्हटलं, अगं, खिळा काढलाय मी, बघ, टोचत नाही ना? तिनं मान हलवली. हलवली का खुर्ची हलली म्हणून हलली, ते मला कळलं नाही. गल्ली लांब आहे हो आमची, मी म्हटलं ना. अर्ध्यावर मला तिचं वजन वाढल्यासारखं वाटलं. गाडीतल्या मुलानं नाडी बघितली, मास्क लावला, काढला. आणि वेल्डर तिथे त्या खांबाला पाठ लावून खाली बसला आणि माझ्याकडे बघेना. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, तुझं काही नाही रे. तू घट्ट पुरलास, काम चोख केलंस.

सभा झाली. मी गेलो होतो. का गेलो मला विचारू नका, पायांना सवय लागली होती. कोणी वारलेलं नव्हतं. म्हणजे सभासद कोणी वारलेला नव्हता. सगळे बसले. चष्मेवाला एकदा मागे वळला, मला बघून चष्मा काढून पुसायला लागला. इतिवृत्त कायम झालं. बाकांचा रंग कायम, पंखा कायम, खांब कायम… म्हणजे काढणं कायम. मी बाकावर बसून होतो. सगळ्या सभेत त्या दिवशी उभं राहायचं कारण असलेला मी एकटा, आणि माझेच गुडघे उठेनात.

दुसऱ्या दिवशी वेल्डरनं खांब कापला. मजुरी घेतली नाही.

साहेबांकडे मी दोन-तीन दिवस गेलो नव्हतो. गेलो तेव्हा सुनेनं त्यांना सगळं सांगितलेलं होतं. मी खाली बसलो. म्हणाले, "मला उभं करा." म्हटलं, साहेब, तुम्हाला बसता येत नाही. "हा अध्यक्षांचा आदेश आहे, खुर्चीवाले!" मी काखेत हात घालून उचललं. उभे राहिले हो! पाय असे लटलट कापतायत, मी त्यांना धरलंय का त्यांनी मला, काही कळायला मार्ग नाही, दोन म्हातारे एकमेकांना टेकून पलंगापाशी उभे, माना खाली. जरा वेळाने हळूच विचारतात, "दोन मिनिटं झाली?" म्हटलं, नाही साहेब, पण बसा आता. "नाही. पूर्ण करायची." पूर्ण केली. सून दाराशी उभी होती, पदर तोंडाला लावून.

झोपवलं त्यांना, पांघरूण घातलं. तेव्हा म्हणाले, "आता मोकळा ना मी?"

आता बघा, हो म्हणायचं होतं मला. माणूस थकलेला, शब्द पाळलेला, किती अडवून ठेवायचा? पण तिथून उठलो की जायचं कुठे? घरी खिडकीपाशी नुसत्या उशा. आणि सांगितलं ना, खोटं बोलायला मला फार वेळ लागतो… पण त्या दिवशी नाही लागला. म्हटलं, नाही साहेब, पुढच्या सभेत माझा आणखी एक विषय आहे. भुवया वर गेल्या. "कुठला?" म्हटलं, गल्लीच्या फरश्या उखडल्यात. कळलं त्यांना. जन्मभर सभा चालवलेला माणूस, त्यांना कळणार नाही? "फरश्यांना वेळ लागेल," म्हणाले. "सूप आणा."

त्याला आता वर्ष होत आलं. फरश्या झाल्या हो, पटकन झाल्या! मग नळ लावला विषयाला, तोही झाला, मग वळणावरचा दिवा. एरवी जन्मात न होणारी कामं आता एकामागून एक होतायत, माझ्या जिवाला घोर! मधे एकदा सभा तहकूब झाली, त्या शिडीवाल्यांमुळे, आणि गेलेल्या माणसाचा मान राखायलाच हवा, पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं, विषय महिनाभर शिल्लक राहिला. परवा साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "या महिन्याचा विषय काय, खुर्चीवाले?" आणि मला काही सुचेना. आमच्या गल्लीत आता मोडलेलं असं काही उरलंच नाही… तुमच्याकडे आहे का हो काही अडलेलं? जरा मोठंसं बघा.